सावलीतले गवत, उन्हातले गवत

माडाची लागवड साडेसात मीटर अंतराने केली, तर हेक्टरी सुमारे १७५ झाडे बसतात. माडाची कामाची मुळे खोडाभोवती साधारण दोन मीटर त्रिज्येच्या वर्तुळात असतात. हिशेब मांडला तर हेक्टरभर बागेतली जेमतेम २२ टक्के जमीन माड खऱ्या अर्थाने वापरतो. उरलेल्या पाऊण हेक्टराहून अधिक जागेवर पाऊस तेवढाच पडतो, पाचोळा तेवढाच कुजतो, आणि कोकणातल्या बहुतेक बागांत तिथे रानमोडी आणि टाकळा माजतो. त्याच बागेच्या मालकाच्या गोठ्यात दोन म्हशी असतात. मार्च उजाडला की त्यांच्यासाठी वैरण विकत आणावी लागते.

त्या रिकाम्या जागेत चाऱ्याचे गवत लावता येईल का? येईल. मात्र कोणते गवत, किती वयाच्या माडाखाली, आणि उघड्या शेतातल्या गवताच्या तुलनेत ते किती पिकेल, हे आधी समजून घ्यावे लागते. नाहीतर एका हंगामातच हिरमोड होतो आणि ‘झाडाखाली काही येत नाही’ हे जुने वाक्य पुन्हा कानी पडते.

माडाच्या बागेतला उजेड बागेच्या वयाबरोबर बदलत जातो. पहिली सात-आठ वर्षे झाडे लहान असतात, मधल्या पट्ट्यात भरपूर ऊन मिळते. आठव्या वर्षापासून पंचविसाव्यापर्यंत झावळ्या एकमेकींना भिडतात आणि ढोबळमानाने उन्हाचा पाचवा हिस्साच जमिनीपर्यंत पोचतो. पंचविशीनंतर खोड उंच जाते, झावळ्यांचा घेर डोक्यावरून वर सरकतो आणि कडेने, फटींतून ऊन पुन्हा आत येऊ लागते. कासरगोडच्या केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेच्या आंतरपीक शिफारशी याच वयमानावर उभ्या आहेत. म्हणजे एकाच वाडीत धाकट्या माडांखाली गवत फोफावते, मधल्या वयाच्या माडांखाली ते पिवळे पडते, आणि आजोबांनी लावलेल्या उंच माडांखाली पुन्हा बरे येते. या तिन्ही जागांना ‘झाडाखालची जमीन’ या एकाच नावाने मोजणे ही पहिली गफलत.

दुसरी गफलत गवताच्या जातीबद्दल होते. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडण्याच्या पद्धतीवरून वनस्पतिशास्त्रज्ञ गवतांचे दोन मोठे गट पाडतात. थंड प्रदेशातली गवते, तसेच गहू, ओट, भात ही पिके सी-थ्री गटातली. त्यांच्या पानांना पूर्ण उन्हाच्या साधारण निम्म्याच उजेडात पुरेसे काम मिळते. त्यावरचे ऊन त्यांना फारसे वापरता येत नाही. मका, ज्वारी, ऊस, नेपियर, गिनी, मारवेल, पवन्या ही सगळी सी-फोर गटातली. त्यांना जेवढे ऊन द्यावे तेवढे ती वापरतात आणि भर दुपारच्या कडक उन्हातही त्यांची वाढ थांबत नाही. साहजिकच उजेड कमी झाला की त्यांचे उत्पादनही त्याच प्रमाणात घसरू लागते.

हा फरक किती मोठा आहे, हे अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाच्या एका प्रयोगातून स्पष्ट दिसते. तिथल्या संशोधकांनी तीस प्रकारची चारापिके कुंड्यांत लावली. काही पूर्ण उन्हात ठेवली, काही निम्म्या सावलीत, काही ८० टक्के सावलीत. १९९९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ऑर्चर्ड ग्रास, फेस्क्यू यांसारख्या थंड हवेच्या गवतांपैकी बहुतेकांचे उत्पादन निम्म्या सावलीत फारसे घटले नाही. उष्ण हवेची गवते मात्र निम्म्या सावलीतच मागे पडली. झाडाखाली कुरण करा म्हणून परदेशातून जो सल्ला येतो, त्यातला बराचसा थंड प्रदेशातल्या अशा गवतांच्या भरवशावर दिलेला असतो. महाराष्ट्रातली जवळजवळ सगळी चाऱ्याची गवते दुसऱ्या गटातली आहेत. तो सल्ला इथे जसाच्या तसा उचलून चालणार नाही.

इथवर वाचल्यावर उघड्या शेताचा विजय ठरल्यासारखा वाटेल. पण निसर्गात गोष्ट इथेच संपत नाही.

केनियातल्या त्सावो राष्ट्रीय उद्यानात जॉय बेल्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छत्रीच्या आकाराच्या बाभळी आणि गोरखचिंचेची झाडे निवडून त्यांच्या खालचे आणि बाहेरचे गवत मोजले. तिथली गवतेही सी-फोर गटातलीच. तरीही कमी पावसाच्या त्या मुलखात झाडाखालच्या गवताचे उत्पादन उघड्यावरच्या जवळपास दुप्पट भरले. कारण झाडाखालची माती थंड होती, तिच्यात सेंद्रिय पदार्थ आणि नत्र जास्त होते. सावलीला बसणाऱ्या जनावरांचे शेण, फांद्यांवरच्या पक्ष्यांची विष्ठा आणि झाडाचा स्वतःचा पाचोळा वर्षानुवर्षे तिथेच जिरत आला होता. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये तर झाडही नसताना, नुसत्या जाळीच्या सावलीत, नत्राची कमतरता असलेल्या जमिनीवर गिनी गवताचा एक प्रकार उघड्यापेक्षा जास्त वाढला. सावलीमुळे वरचा थर ओला राहिला, जिवाणूंचे काम जास्त दिवस चालू राहिले आणि मातीत अडकलेले नत्र मोकळे झाले. गवताला भरपूर नत्रखत मिळाले की सावलीचा हा फायदा मात्र उरत नाही.

निम्मे उत्तर या शेवटच्या वाक्यातच आहे. ज्या जमिनीत पाणी आणि खत दोन्ही भरपूर, तिथे गवताला कमी पडतो तो फक्त उजेड, आणि तिथे उघडे शेत सरस ठरते. ज्या जमिनीत ओल टिकत नाही, माती हलकी, उन्हाचा तडाखा मोठा, तिथे गवताला उजेड कमी पडतच नसतो. कमी पडते ती ओल आणि नत्र. तिथे विरळ सावली गवताच्या बाजूने काम करते. उन्हाळ्याच्या तोंडावर माळावर मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगराला हे सांगावे लागत नाही. सगळा माळ करपल्यावरही बाभळीच्या बुंध्याशी गवताचा हिरवा ठिपका काही दिवस टिकून राहतो आणि कळप नेमका तिथेच थबकतो.

बागायती नेपियरची बाजू म्हणूनच भक्कम आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेले यशवंत आणि जयवंत हे संकरित नेपियरचे वाण, किंवा कोइमतूरचे सीओ-४ यांसारखे वाण पश्चिम महाराष्ट्रातल्या दूध उत्पादकांच्या अंगवळणी पडले आहेत. लावणीनंतर दोन-सव्वादोन महिन्यांनी पहिली कापणी आणि पुढे दर दीड महिन्याला एक. पाणी आणि खत नीट मिळाले तर वर्षाला हेक्टरी दीडशे ते दोनशे टन हिरवा चारा निघतो. झाडाखालचे कोणतेही गवत या आकड्याजवळ जाणार नाही, आणि नेपियर माडाखाली लावून हा आकडा मिळेल अशी आशाही कोणी धरू नये. पण तो आकडा पाण्याच्या जिवावर उभा आहे. २०१३ आणि २०१९ च्या दुष्काळात माण, खटाव, बीडकडच्या चारा छावण्यांत जनावरांपुढे ऊस आणि उसाचे वाढे पडत होते. कारण विहीर आटल्यावर नेपियरचे शेतही आटते. देशातल्या एकूण लागवडीखालच्या जमिनीपैकी सुमारे चार टक्केच जमीन चारापिकांखाली आहे. धान्य, ऊस आणि भाजीपाल्याशी स्पर्धा करून हा वाटा फार वाढेल अशी चिन्हे नाहीत. म्हणून झाडांखालची, बांधावरची आणि पडीक जमीन महत्त्वाची. ती कोणत्याच पिकाच्या तोंडचा घास काढून घेत नाही.

सावलीत वाढणारे गवत दिसायलाही वेगळे असते. पाने लांब, रुंद आणि पातळ होतात, खोड उंचावते, फुटवे कमी येतात, मुळे उथळ राहतात. भारा उचलला तर तो चांगला जड लागतो, पण त्यात पाणी जास्त असते. वाळवून वजन केले की खरा हिशेब कळतो. प्रथिनांचे प्रमाण सावलीतल्या गवतात बहुधा जास्त भरते, साखर कमी. व्यवहारात याचा अर्थ असा की सावलीतला चारा जनावराला हिरवाच घालावा आणि सोबत कडबा किंवा पेंढा मिसळावा. कापणीचेही भान हवे. मुळांत साठा कमी असल्याने हे गवत उघड्यावरच्या गवतासारखे जमिनीलगत छाटून चालत नाही. चार-सहा बोटांऐवजी वीतभर बुडखा ठेवावा आणि दोन कापण्यांमध्ये आठवडाभर जास्त थांबावे. झाडाखालचे गवत दुसऱ्या वर्षी विरळ झाले म्हणून जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे पुष्कळदा सावलीपेक्षा कोयत्याची घाई असते.

जातींच्या निवडीत गिनी गवताला तोड नाही. ते मूळचे आफ्रिकेतले, आणि तिथेही मोकळ्या माळापेक्षा झाडांच्या छायेत अधिक आढळते. केरळ कृषी विद्यापीठाने माडाच्या बागा डोळ्यांपुढे ठेवून हरिता आणि मरतकम हे वाण काढले. झाशीच्या भारतीय चरागाह आणि चारा संशोधन संस्थेचे बुंदेल गिनीही आहे. सोबत स्टायलोसारखे द्विदल लावले तर जमिनीत नत्र येते, पण स्टायलोला ऊन लागते. ते कडेच्या, उघड्या पट्ट्यात शोभते. माडाखाली गुरे चारण्याची जुनी पद्धत प्रशांत महासागरातल्या वानुआटूसारख्या बेटांवर आहे. तिथे जमिनीलगत पसरणारे, जाड धावत्या खोडांचे एक गवत गडद सावलीतही वर्षानुवर्षे चराई सोसते. उत्पादन थोडके, पण न संपणारे.

कोकणात मात्र एकच नियम सगळ्या बागांना लावता येणार नाही. इथे थोडे थांबून पाहिले पाहिजे.

माडाला उन्हाळ्यात पाणी द्यावेच लागते, त्यामुळे त्याच पाण्यात गिनी गवत सांभाळता येते. अट एकच. गवताला त्याचे खत वेगळे द्यायचे. गवत दर कापणीला जमिनीतून नत्र आणि पालाश उचलून नेते. ते शेण-मुताच्या रूपाने परत आले नाही, तर दोन-तीन वर्षांत नारळांची संख्या घटते आणि दोष गवतावर येतो. आंब्याचे गणित उलटे. हापूसला मोहोर धरायला पावसाळ्यानंतर कोरडा ताण आणि थंडी लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवतासाठी पाणी सोडले तर कलमांना पालवी फुटते आणि मोहोर हुकतो. म्हणून आंब्याच्या बागेत फक्त पावसावरचे गवत घ्यावे आणि पाऊस ओसरताच ते कापून बाहेर काढावे. नाहीतरी बागायतदार बेणणी करतोच, कारण वाळलेले गवत उभे राहिले तर फेब्रुवारी-मार्चमधला वणवा कलमे घेऊन जातो. कापायचेच आहे, तर ते गोठ्यात जाईल असे गवत का असू नये? काजूच्या बागेत फेब्रुवारीपासून बिया जमिनीवरून वेचायच्या असतात. तिथेही गवत तोवर निघालेले हवे. आणि गोव्यातल्या किंवा तळकोकणातल्या कुळागरात, जिथे माड, पोफळी, केळी आणि मिरवेली एकावर एक दाटतात, तिथे गवताचा विचारच सोडून द्यावा. तिथला सगळा उजेड आधीच कामाला लागलेला असतो.

आणखी एक गोष्ट कोकणापुरती खरी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ दिवसचे दिवस भरलेले असते. उजेड आधीच कमी, त्यात झाडाची सावली. त्या दोन महिन्यांत झाडाखालचे गवत उघड्यावरच्या गवतापुढे हमखास हरते. ऊन तापायला लागले आणि वरकस जमिनीवरचे गवत पेंढ्यासारखे झाले की मग झाडाखालच्या गवताची पाळी येते. तुलना पावसाळ्यात करणारा एक निकाल सांगेल, आणि जानेवारीत करणारा दुसरा.

देशावर, जिथे पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरात असतो, तिथे झाड कोणते हा प्रश्न गवताइतकाच मोठा होतो. राजस्थानचा शेतकरी बाजरीच्या शेतात खेजडी, म्हणजे आपली शमी, मुद्दाम राखतो. बारीक पानांची ही झाडे उन्हाला पूर्ण अडवत नाहीत आणि थंडीत छाटली की पाला जनावरांना मिळतो. आपल्याकडे हेच काम बाभूळ करू शकते. निलगिरीखाली मात्र गवताने तग धरावा अशी अपेक्षा करू नये. ती झपाट्याने पाणी ओढते.

सुबाभळीची कथा यात शिकण्यासारखी आहे. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला स्थापन केलेल्या ‘बाएफ’ या संस्थेने पुढच्या दशकात सुबाभळीचा मोठा प्रसार केला. तिचा पाला वाळवला तर प्रथिने वीस टक्क्यांच्या वर भरतात, मुळांवर नत्राच्या गाठी येतात आणि कितीही छाटली तरी ती पुन्हा फुटते. ओळींत लावून कमरेच्या उंचीवर छाटत राहिले की तिची सावली कोयत्याच्या ताब्यात राहते आणि ओळींमधल्या गवताला ऊन मिळते. पण पाल्यातल्या मिमोसिन या द्रव्याने जनावराचे केस गळतात, गलगंड होतो. म्हणून चाऱ्यात तिचा वाटा एक तृतीयांशाच्या आतच ठेवतात. हवाईमधल्या शेळ्यांना हा त्रास होत नाही, हे ऑस्ट्रेलियाचे शास्त्रज्ञ रेमंड जोन्स यांच्या लक्षात आले. त्या शेळ्यांच्या पोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या गुरांच्या पोटात सोडल्यावर ती गुरेही सुबाभूळ पचवू लागली. पुढे त्या जिवाणूला जोन्स यांचेच नाव मिळाले. सुबाभळीचा दुसरा दोष माणसाच्या हातातला आहे. शेंगा वाळू दिल्या की बी सांडून शेजारच्या रानात तिचे तण होते. छाटणी चुकवणाऱ्याने ती लावूच नये.

झाडाखालचे गवत सांभाळण्याचा सर्वांत परिचित नमुना नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारचा. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी एकत्र लागू केली. डोंगरावर झाडे वाढू लागली, समतल चरांत पाणी मुरले आणि जनावरे सोडण्याऐवजी गवत कापून आणण्याची रीत पडली. उघडा, चरून सपाट झालेला डोंगर जे देत नव्हता, ते झाडांमधल्या राखलेल्या गवताने दिले आणि गावातले दूध अनेक पटींनी वाढले. यात सावलीचा वाटा किती आणि राखणीचा किती, हे वेगळे काढता येणार नाही. माझ्या मते राखणीचा वाटा मोठा.

सावलीचा फायदा गवतापुरता थांबत नाही. संकरित गाईंना उन्हाळ्यात दुधाचा फटका बसतो तो अंगावर साचलेल्या उष्णतेमुळे. तापमान आणि आर्द्रता मिळून काढला जाणारा निर्देशांक ७२ च्या वर गेला की त्यांचे खाणे आणि दूध दोन्ही घटू लागते. झाडांत चरणाऱ्या किंवा बांधलेल्या गाईला तो ताण कमी बसतो.

तरीही प्रत्येक माळावर झाडे लावा, असा अर्थ यातून कोणी काढू नये. सोलापूरजवळच्या नान्नजसारखे माळ हे मूळचेच गवताळ आहेत. पवन्या, मारवेल आणि कुसळीचे ते रान माळढोकासाठी ओळखले जाते, लांडग्याचे आणि काळविटाचे घर आहे आणि धनगरांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे चराऊ रानही. तिथे खड्डे खणून रोपे लावणे म्हणजे चाललेले कुरण मोडणे. कच्छमधल्या बन्नीत काय झाले ते समोर आहे. आशियातल्या मोठ्या गवताळ प्रदेशांत गणल्या जाणाऱ्या या मुलखाच्या कडेला १९६० च्या सुमारास वनखात्याने वेडी बाभूळ लावली. खारट जमीन पुढे सरकू नये हा हेतू होता. जनावरांनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बी पसरले आणि काही दशकांत हजारो हेक्टर कुरण काट्यांखाली गेले. बन्नीच्या म्हशींचे मालक आजही ती काढून गवत परत आणण्यासाठी झगडत आहेत. नैसर्गिक माळ उघडाच राहू द्यावा. झाडे जिथे आधीच आहेत, किंवा जिथे जमीन झिजून उघडी पडली आहे, तिथे झाड-गवताची जोडी बसवावी.

भारताने २०१४ मध्ये राष्ट्रीय कृषिवानिकी धोरण स्वीकारले. असे धोरण करणारा तो जगातला पहिला देश ठरला. धोरणाचा लाभ वाडीपर्यंत पोचायची वाट न पाहता बागायतदाराला आपल्या जागेचा उजेड स्वतः मोजता येतो. लांब दोरीला हातभर अंतरावर पन्नास गाठी माराव्यात. मोकळ्या आभाळाच्या दिवशी भर दुपारी ती बागेत जमिनीवर पसरावी आणि किती गाठी कवडशांत आहेत ते मोजावे. निम्म्याहून अधिक गाठी उन्हात असतील, तर गिनी निर्धास्त लावावे. तिसऱ्या हिश्श्याहून कमी असतील, तर गवताचा नाद सोडावा किंवा आधी छाटणी करावी. मग जूनच्या पहिल्या सरींनंतर गिनीची ठोंबे एक गुंठा झाडाखाली आणि एक गुंठा उघड्यावर दीड-दोन फुटांच्या अंतराने लावावीत. खत दोन्हीकडे सारखे द्यावे, दोन्हीकडचा भारा वाळवून तोलावा आणि तोल एकदा ऑगस्टमध्ये, एकदा जानेवारीत लिहून ठेवावा. पुढची लागवड कुठे आणि किती करायची, ते त्या चार आकड्यांवरून ठरवावे.